शहर चालवतं कोण? मुंबईत तक्रार योग्य टेबलापर्यंत नेण्याची वाट

आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर, पदपथाच्या मधोमध, एका चेंबरचं झाकण तुटलं होतं. शाळेत जाणारी मुलं रोज त्याला वळसा घालून जायची. मी तक्रार केली. पर्जन्य जलवाहिन्यांच्या माणसांनी सांगितलं, हे मलनिस्सारणाचं. मलनिस्सारणवाले येऊन पाहून गेले आणि म्हणाले, आमची लाइन पलीकडून जाते. रस्त्याच्या अभियंत्याने सांगितलं, आम्ही पदपथ बघतो, चेंबर नाही. पाच आठवडे असेच गेले. मग एका सकाळी झाडलोटीचे मुकादम तिथे थांबले, खाली बसले, तुटक्या झाकणाच्या कडेवरची माती त्यांनी अंगठ्याने पुसली आणि म्हणाले, "ताई, हे वाचा." कडेला एका दूरसंचार कंपनीची आद्याक्षरं ओतलेली होती. चेंबर पालिकेचं नव्हतंच. त्या कंपनीला लेखी पत्र गेलं आणि चौथ्या दिवशी नवं झाकण बसलं.

त्या पाच आठवड्यांत माझ्याशी कोणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या हद्दीपुरतं खरं तेच सांगितलं. मुंबईसारख्या शहराचा एक मालक नाही. शहर अनेक खात्यांच्या, मंडळांच्या आणि कंपन्यांच्या हद्दींमध्ये वाटलं गेलंय, आणि त्या हद्दी डोळ्यांना दिसत नाहीत. तेव्हापासून इमारतीतले, गल्लीतले लोक "आता कुठे जायचं?" म्हणून माझ्याकडे येतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे सविस्तर लिहितेय. उदाहरणं मुंबईची आहेत. पुणे, ठाणे, नाशिकला काही नावं बदलतात, ती जाता जाता सांगेन.

पहिलं पाऊल: हे काम पालिकेचं आहे का?

तक्रार लिहायला बसण्याआधी हा प्रश्न सोडवा. निम्म्या चपला इथेच वाचतात.

पाणी, गटार, कचरा, पालिकेचे रस्ते आणि पदपथ, उद्यानं, प्राथमिक शाळा, जन्म-मृत्यूची नोंद, दुकानं आणि खाद्यगृहांचे पालिकेचे परवाने, डासांचा बंदोबस्त, अग्निशमन दल, स्मशानभूमी ही कामं बृहन्मुंबई महानगरपालिकेची. केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, नायर आणि कूपर ही रुग्णालयंही तिचीच. जे. जे. मात्र राज्य सरकारचं, त्यामुळे तिथल्या गैरसोयीची तक्रार पालिकेत केली तर कागद नुसता फिरत राहतो.

पोलीस राज्याच्या गृहविभागाखाली येतात, वाहतूक पोलीसही. म्हणजे रस्त्यावरचा खड्डा पालिकेचा, पण त्याच रस्त्यावर चुकीच्या जागी उभ्या केलेल्या गाडीला दंड करायचा तो वाहतूक पोलिसांनी. फेरीवाला पदपथावर बसला तर पालिका, रेल्वेच्या पुलावर बसला तर रेल्वे. जमिनीच्या नोंदी, सातबारा, मालमत्ता पत्रक महसूल खात्याकडे. आणि मुंबईत जिल्हाधिकारी दोन आहेत, एक मुंबई शहरचे, एक मुंबई उपनगरचे. म्हाडा वसाहतीतल्या घरांचे प्रश्न म्हाडाकडे, झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचे प्रश्न झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे. बेस्ट हा पालिकेचाच उपक्रम आहे, १९४७ पासून. पण वीज बेस्टची फक्त शहर भागात. उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा, आणि भांडुप-मुलुंडला महावितरण. बिलावरचं नाव बघितलं की हा गोंधळ मिटतो.

रस्ते आणि पूल हे सगळ्यात फसवं प्रकरण. वरळीच्या समुद्रावर उभं राहिलं की किनारी रस्ता आणि सागरी सेतू एकमेकांना जोडलेले दिसतात. किनारी रस्ता पालिकेने बांधला. वांद्रे-वरळी सागरी सेतू महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा. आणि शिवडीहून न्हावा शेवाकडे जाणारा अटल सेतू एमएमआरडीएचा, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. पाणी तेच, मालक तीन. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग आधी एमएमआरडीएकडे होते, २०२२ मध्ये ते पालिकेकडे आले. म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. ज्या रस्त्याबद्दल शंका आहे तिथे मेट्रोचं काम चालू असेल तर पत्र्याच्या आडोशावर लावलेला फलक वाचा, त्यावर काम कोणाचं ते लिहिलेलं असतं. चेंबर असेल तर झाकण वाचा. दिव्याचा खांब असेल तर खांबावरचा क्रमांक टिपून घ्या.

तरी कळलंच नाही तर? मग विभाग कार्यालयातल्या (म्हणजे वॉर्ड ऑफिसातल्या) परिरक्षण, म्हणजे देखभालीच्या, खात्याला लेखी विचारा: "सदर मालमत्ता कोणत्या यंत्रणेच्या ताब्यात आहे ते कळवावे." तोंडी विचारलं तर अंदाज मिळतो, लेखी विचारलं तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

पालिकेत निर्णय कोण घेतं

आता पालिकेच्या आत शिरू. इथे बऱ्याच सुशिक्षित लोकांचाही घोळ होतो. आपण नगरसेवक निवडून देतो, नगरसेवक महापौर निवडतात, म्हणजे महापौर शहर चालवतात, असं आपल्याला वाटतं. तसं नाही.

मुंबईची पालिका मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ या कायद्यावर चालते. तो घडवण्यात सर फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता. म्हणूनच मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे. या कायद्याने कारभाराचे दोन भाग केले. धोरण ठरवायचं, कर ठरवायचे, पैसे मंजूर करायचे हे लोकांनी निवडलेल्या सभागृहाचं काम. अंमलबजावणीचे अधिकार मात्र आयुक्तांचे. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं आणि ते सनदी अधिकारी असतात. पुणे, ठाणे, नाशिक वगैरे शहरांसाठी १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आहे, पण ही विभागणी तिथेही तशीच.

सभागृहात २२७ निवडून आलेले नगरसेवक असतात, शिवाय काही स्वीकृत सदस्य. महापौर सभागृहाच्या अध्यक्षस्थानी बसतात, शहराचे पहिले नागरिक म्हणून त्यांना मान असतो, त्यांची मुदत अडीच वर्षांची. पण अभियंत्याची बदली करणं किंवा कंत्राटदाराला कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश, देणं त्यांच्या हातात नाही. १९९८ मध्ये मुंबईत महापौर परिषदेची पद्धत आणून महापौरांना खरे कार्यकारी अधिकार देण्याचा प्रयोग झाला होता, तो पुढच्याच वर्षी गुंडाळला गेला.

नगरसेवकांची खरी ताकद समित्यांमध्ये आहे, आणि त्यातही स्थायी समितीत. ठरावीक रकमेवरची कंत्राटं या समितीच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नाहीत, आणि आयुक्तांचा अर्थसंकल्प आधी तिच्यापुढे येतो. म्हणून महापौरपदाइतकीच चुरस स्थायी समितीच्या अध्यक्षपदासाठी असते. जमिनी आणि त्यांवरच्या आरक्षणांचे विषय सुधार समितीकडे, शाळांचे शिक्षण समितीकडे, बस आणि विजेचे बेस्ट समितीकडे.

सभागृह आयुक्तांना घालवू शकतं का? कायद्याने, एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी तसं मत दिलं तर सरकारने आयुक्तांना परत बोलवायचं असतं. प्रत्यक्षात ते सोपं नाही. नवी मुंबईत २०१६ मध्ये नगरसेवकांनी प्रचंड बहुमताने असा ठराव केला होता, सरकारने तो अमलात येऊ दिला नाही. मोठ्या शहरांवर मंत्रालयाचा हात किती घट्ट आहे ते यातून समजतं. विकास आराखड्याला अंतिम मंजुरी राज्याची, आयुक्त राज्याचे, आणि बहुतेक महत्त्वाच्या प्रश्नांची फाइल कधी ना कधी नगरविकास विभागात जाते.

संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२ ची, लागू झाली १ जून १९९३ ला) बाराव्या अनुसूचीत १८ विषय शहरांच्या स्वराज्य संस्थांसाठी नोंदवले. नगररचना, पाणीपुरवठा, झोपडपट्ट्यांची सुधारणा, सगळं त्यात आहे. पण ते विषय प्रत्यक्ष सोपवायचे की नाही, हे राज्याच्या विधिमंडळावर सोडलं. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला तरी मुंबईत नियोजनाचे मोठे तुकडे एमएमआरडीए, म्हाडा आणि झोपडपट्टी प्राधिकरणाकडेच आहेत. मला ही गोष्ट मनापासून खटकते. आपण ज्यांना मत देतो त्यांच्या हातात शहराचा नकाशाच पूर्ण नाही.

आणि मतही वेळेवर देता येईल असं नाही. आधीच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात प्रशासक म्हणून आयुक्तच सभागृह होते, स्थायी समितीही तेच. हजारो कोटींचे प्रस्ताव मांडणारी आणि मंजूर करणारी सही एकाच माणसाची होती. नगरसेवकाचं महत्त्व त्या काळात गल्लीगल्लीला कळलं, कारण तक्रार घेऊन जायला दारच उरलं नव्हतं.

तुमचं टेबल विभाग कार्यालयात आहे

सीएसएमटीसमोरच्या त्या देखण्या मुख्यालयात सामान्य माणसाचं काम फार क्वचित असतं. तुमचं काम विभाग कार्यालयात होतं, ज्याला आपण सरसकट वॉर्ड ऑफिस म्हणतो. मुंबईत या विभागांना ए पासून टी पर्यंत अक्षरांची नावं आहेत, आणि मोठ्या विभागांचे पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण असे तुकडे. दादर, माहीम, धारावी जी उत्तरमध्ये, वरळी जी दक्षिणमध्ये, वांद्रे पश्चिम एच पश्चिममध्ये, कुर्ला एलमध्ये, गोवंडी-मानखुर्द एम पूर्वमध्ये, मुलुंड टीमध्ये. पुण्यात याच कार्यालयाला क्षेत्रीय कार्यालय म्हणतात, नागपुरात झोन.

इथे एक गफलत नेहमी होते. 'वॉर्ड' हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो. एक, हा अक्षरांचा प्रशासकीय विभाग. दुसरा, नगरसेवकाचा मतदारसंघ, म्हणजे १ ते २२७ मधला क्रमांकाचा प्रभाग. एका विभागात अनेक प्रभाग येतात. तक्रारीत दोन्ही लिहा: "जी उत्तर विभाग, प्रभाग क्रमांक अमुक." मुंबईत एका प्रभागाचा एकच नगरसेवक. पुण्यासारख्या शहरांत एका प्रभागातून बहुधा चार जण निवडून येतात, तेव्हा एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये म्हणून निवेदन चौघांनाही द्यावं.

विभाग कार्यालयाचे प्रमुख सहायक आयुक्त. त्यांच्या हाताखाली खाती असतात, आणि कोणत्या खात्यात जायचं हे कळलं की अर्धी लढाई जिंकली. खड्डा, पदपथ, छोटी गटारं, रस्ता खोदण्याची परवानगी हे परिरक्षण खात्याचं. पाणी कमी दाबाने येतं, गढूळ येतं, गळती आहे, हे जलकामे खात्याचं. कचरा घनकचरा व्यवस्थापनाचा, अनधिकृत बांधकाम इमारत व कारखाने खात्याचं, फांद्या आणि झाडं उद्यान खात्याची. मालमत्ता कर करनिर्धारण व संकलन खात्याकडे. साथीचे रोग आणि दूषित पाण्याने झालेले आजार वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे. प्रत्येक खात्यात कनिष्ठ अभियंता, मग दुय्यम अभियंता, मग सहायक अभियंता अशी चढती शिडी. प्रत्यक्ष जागेवर येणारा माणूस बहुतेक वेळा कनिष्ठ किंवा दुय्यम अभियंता असतो. त्याच्याशी आदराने वागा. त्याच्या अहवालातली दोन वाक्यं तुमच्या फाइलचं नशीब ठरवतात.

काही प्रश्न एकाच वेळी दोन खात्यांचे असतात. गढूळ पाणी हे त्यातलं सगळ्यात गंभीर. नळाला वास येतोय म्हणजे पाण्याच्या जुन्या जोडणीत गटाराचं पाणी शिरतंय, अशी शक्यता असते. तेव्हा जलकामे खात्याला गळती शोधायला सांगा आणि त्याच दिवशी आरोग्य खात्याला पाण्याचा नमुना घ्यायला सांगा. नमुना तुमच्या इमारतीच्या टाकीतून नव्हे, तर पालिकेच्या जोडणीवरून, टाकीत पडण्याआधी घ्यायला हवा. नाहीतर उत्तर येतं की दोष तुमच्या टाकीचा आहे. या एका मुद्द्यावर आमच्या शेजारच्या इमारतीने दोन आठवडे घालवले.

तक्रार लिहिताना

तातडीचं असेल तर १९१६ वर फोन करा. झाड पडणं, भिंत कोसळणं, पाणी तुंबणं, उघडं मॅनहोल, या गोष्टींसाठी अर्ज लिहीत बसू नका. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक मात्र लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक कागदात तो लागतो.

बाकीच्या तक्रारी लेखी, आणि एका अर्जात एकच विषय. लोक एकाच पत्रात कचरा, पाणी, कुत्रे आणि पार्किंग सगळं लिहितात. असं पत्र चार खात्यांत फिरतं आणि चौघंही समजतात की उत्तर दुसरा देणार आहे.

माझ्या वहीतला एक नमुना देते:

"प्रति, सहायक अभियंता (परिरक्षण), अमुक विभाग. विषय: अमुक मार्गावर अमुक इमारतीच्या फाटकासमोर, दिव्याचा खांब क्रमांक अमुक जवळ, खोदलेला चर न बुजवल्याबाबत. महोदय, वरील ठिकाणी सुमारे आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद चर दिनांक अमुकपासून उघडा आहे. दिनांक अमुक रोजी सायंकाळी एक ज्येष्ठ नागरिक तेथे पडल्या. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. कृपया, १) हा चर खोदण्याची परवानगी कोणत्या यंत्रणेस व कोणत्या मुदतीसाठी दिली ते कळवावे, २) चर पूर्ववत करून घ्यावा, ३) झालेल्या कार्यवाहीची माहिती लेखी द्यावी."

तीन गोष्टी बघा. जागा अशी सांगितलीय की अनोळखी माणूसही थेट तिथे पोहोचेल. "रस्त्यांची दुरवस्था" असे शब्द नाहीत, मोजमाप आहे. आणि शेवटी नेमक्या मागण्या आहेत, ज्यांचं उत्तर 'हो', 'नाही' किंवा तारीख असंच देता येतं. संताप पानभर लिहिला तर वाचणारा फक्त संतापच वाचतो.

अर्जाच्या दोन प्रती करा. आवक-जावक खिडकीवर एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. खिडकीवर गर्दी असते, कारकून म्हणेल "ठेवून जा, नंतर मारतो." ठेवून जाऊ नका. पाच मिनिटं थांबा. शिक्का मारताना तारीख आजचीच आहे का ते बघा आणि आवक क्रमांक वाचता येत नसेल तर तिथेच स्पष्ट लिहून घ्या. या निळ्या शिक्क्याच्या कागदाशिवाय पुढची प्रत्येक पायरी लंगडी होते. ऑनलाइन तक्रार केली असेल तर पडद्याचं छायाचित्र काढून ठेवा. काम न होताच तक्रार 'निकाली' दाखवली गेली, तर त्याच जागेचा त्या दिवसाचा फोटो जोडून पुन्हा उघडायला लावता येते.

दोन आठवड्यांत हललं नाही तर

वर जा, पण एकेक पायरी. सहायक अभियंत्यानंतर सहायक आयुक्त, त्यांच्यानंतर परिमंडळाचे उप आयुक्त. काही विभाग मिळून एक परिमंडळ होतं, मुंबईत अशी सात आहेत. त्यांच्यावर अतिरिक्त आयुक्त: शहर, पूर्व उपनगरे, पश्चिम उपनगरे आणि प्रकल्प अशी त्यांच्यात वाटणी असते. थेट आयुक्तांना किंवा मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिण्याचा मोह होतो. ते पत्र पुन्हा खाली, त्याच कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर येतं, मधे फक्त महिना जातो. त्याऐवजी एकेक पायरी वर जाताना मागच्या अर्जाची शिक्क्यासह प्रत जोडा. वरच्या अधिकाऱ्याला तेव्हा दिसतं की खाली किती दिवस कागद पडून आहे.

दर महिन्याला होणारा लोकशाही दिनही, जिथे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात, उपयोगाचा, पण तयारीने जा. आधी ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यावा लागतो, आणि न्यायालयात चालू असलेले विषय घेत नाहीत.

नगरसेवकाकडे केव्हा जायचं? माझा अनुभव असा, की एका खड्ड्यासाठी अभियंता पुरतो. प्रश्न जेव्हा पैशाचा, नव्या कामाचा किंवा दोन खात्यांच्या भांडणाचा असतो तेव्हा नगरसेवक हवा. ते प्रभाग समितीत विषय मांडू शकतात, सभागृहात प्रश्न विचारू शकतात, अर्थसंकल्पात तरतूद मागू शकतात, आणि अधिकाऱ्यांना जागेवर बोलावून एकत्र पाहणी घडवून आणू शकतात. संयुक्त पाहणी हा शब्द लक्षात ठेवा. जलकामे, परिरक्षण आणि वीज कंपनीचा माणूस एकाच खड्ड्याभोवती एकाच वेळी उभा राहिला की टोलवाटोलवी तिथल्या तिथे थांबते. पाहणीनंतर इतिवृत्त लिहून घ्या, निदान उपस्थितांची नावं, तारीख आणि कोणी काय कबूल केलं इतकं तरी.

कागद बाहेर काढणं: माहितीचा अधिकार

माझ्या मते सामान्य माणसाच्या हातातलं सगळ्यात धारदार साधन हेच. २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करायचा आणि तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत. चुकीच्या खात्यात अर्ज गेला तर तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

"काम का झालं नाही?" असं विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, तो फक्त असलेला कागद देतो. म्हणून कागदाचं नाव घ्या. रस्ता वर्षभरात उखडला असेल तर मागा: कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, कंत्राटदाराला दिलेल्या देयकांचा तपशील, आणि दोषदायित्व कालावधी किती ते. शेवटचं फार कामाचं. त्या कालावधीत रस्ता खराब झाला तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या पैशाने करायची असते. हा कालावधी चालू आहे हे कागदावर आलं की पालिकेला नव्याने खर्च करावा लागत नाही, आणि काम न करण्याचं मुख्य कारणच संपतं.

तुमच्या स्वतःच्या तक्रारीवर विचारा: "आवक क्रमांक अमुक या अर्जावर झालेल्या दैनंदिन कार्यवाहीच्या नोंदी आणि तो हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांची पदनामे." बऱ्याचदा या अर्जाचं उत्तर येण्याआधीच काम होतं.

फाइल बघायचीही मागणी करता येते, आणि त्याचा पहिला तास मोफत असतो. जाड फाइलच्या सगळ्या पानांच्या प्रती मागून पैसे घालवण्यापेक्षा आधी बसून चाळा, हवी ती पानं कागदाच्या चिठ्ठीने खूण करून त्यांच्याच प्रती घ्या. फाइलच्या टिपणी बाजूवर, जिथे अधिकाऱ्यांचे एकमेकांना लिहिलेले शेरे असतात, तिथे खरी गोष्ट कळते. कायद्यात चालू कामाची पाहणी आणि वापरलेल्या मालाचा नमुना मागण्याचाही हक्क आहे. तो फार कमी लोक वापरतात.

उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानेही भागलं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगात वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. तिथेच बरंच सुटतं.

दाखले आणि परवाने यांचा रस्ता मात्र वेगळा. त्यांना २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम लागू होतो. प्रत्येक अधिसूचित सेवेला दिवस ठरलेले आहेत, आणि ते न पाळणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज दिल्यावर क्रमांकासह पोच मागा. जन्म-मृत्यूची नोंद मात्र २१ दिवसांच्या आत करा. नंतर विलंबाची प्रक्रिया अंगावर येते आणि दुःखात किंवा बाळंतपणात ती धावपळ नको असते.

न्यायालय हा शेवटचा रस्ता, पण बंद नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये, जखमी झाल्यास दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. अपघात झाला तर पोलिसांत नोंद, रुग्णालयाचे कागद आणि जागेचे फोटो त्याच दिवशी जमवा.

पैसा कधी मागायचा

नवं शौचालय, मैदानाची दुरुस्ती, अरुंद नाल्याचं रुंदीकरण, असं नवं काम हवं असेल तर तक्रारीने होत नाही, त्याला अर्थसंकल्पात तरतूद लागते. पालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण आयुक्त अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडतात. म्हणजे फेब्रुवारीत मागणी केली की गाडी सुटलेली असते.

रक्कम लहान नाही. २०२५-२६ साठी मांडलेला अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. पण उत्पन्नाचा जुना कणा मोडलाय. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते, म्हणजे स्वतःच्या हातातला पैसा दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागतो. मालमत्ता कर उरला, त्यातही ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून सूट आहे. इमारतींच्या विकासापोटी मिळणाऱ्या शुल्कांवर भार वाढलाय. त्यामुळे "पालिकेकडे पैसा आहे की" असं म्हणून चालत नाही, तुमच्या कामाचं नाव यादीत असावं लागतं.

यासाठी दिवाळीआधी सुरुवात करा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना निवेदन द्या, त्यात जागा कोणाच्या मालकीची आहे ते लिहा आणि मालमत्ता पत्रकाची प्रत जोडा. मालकी अस्पष्ट असेल तर प्रस्ताव पहिल्याच टेबलावर अडतो. नोव्हेंबरमध्ये अभियंत्याकडून अंदाजपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, तयार झालं का ते विचारा. डिसेंबरमध्ये नगरसेवकाला त्या अंदाजपत्रकाचा संदर्भ देऊन पत्र लिहायला सांगा. अलीकडच्या वर्षांत पालिका अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून थेट सूचनाही मागवते, तिथेही तोच मजकूर टाका. फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची पुस्तकं पालिकेच्या संकेतस्थळावर येतात. आपल्या विभागाचं पान उघडा, कामाचं नाव शोधा. नाव सापडलं तर त्यासमोरची रक्कम बघा, कारण काही वेळा काम नोंदवलेलं असतं आणि समोर फक्त नाममात्र तरतूद असते. आमच्या मैदानाच्या भिंतीचं पहिल्या वर्षी तसंच झालं. दुसऱ्या वर्षी ऑगस्टपासूनच मागे लागलो, मालमत्ता पत्रक आणि अंदाजपत्रक दोन्ही हातात ठेवून, आणि त्या फेब्रुवारीत रक्कम पूर्ण आली. भिंतीचं काम पावसाळा संपल्यावर सुरू झालं. मोजमाप घ्यायला आलेल्या दुय्यम अभियंत्यासोबत टेपचं दुसरं टोक धरून मी उभी होते.